सहावा वॉल्टचा, सातवा गसचा

गस कुबिकला आपल्या मेहुण्याचा हेवा वाटतो, हे फाउंड्रीतल्या भट्टीवाल्यांपासून सेंट सिरिल चर्चच्या फादरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त मेहुण्याला.

मेहुणा म्हणजे वॉल्ट हॅनिगन, गसच्या धाकट्या बहिणीचा, मर्सेलाचा नवरा. दुधाची गाडी चालवायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाशी हसून बोलायचा. मर्सेलाच्या मागे लागला तेव्हा या आयरिश पोराला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. गसनं त्याला सगळं शिकवलं. पहिल्या बेसच्या बाजूला, छपराखालच्या दोन खुर्च्या मोसमभरासाठी अर्ध्या-अर्ध्या भागीत घ्यायची कल्पनाही गसचीच. खुर्च्या दोन आणि जोडपी दोन, म्हणून सामने वाटून घ्यायचे. दर मार्चमध्ये गसच्या स्वयंपाकघरात, त्याच्या बायकोनं, डॉरथीनं केलेल्या खसखशीच्या रोलचे तुकडे तोंडात टाकत, टोपीतून चिठ्ठ्या काढायच्या.

आणि दर मार्चमध्ये नशीब वॉल्टच्या चिठ्ठीत जाऊन बसायचं. एका मंगळवारी चर्चमध्ये गसच्या मुलीचं पहिलं कम्युनियन, म्हणजे पहिला प्रसादविधी होता, म्हणून त्यानं आपलं तिकीट वॉल्टला देऊन टाकलं. नेमक्या त्याच दिवशी शहराच्या संघाच्या, म्हणजे स्टोकर्सच्या, चेंडू टाकणाऱ्या पिचरनं समोरच्या एकाही माणसाला बेसवर पाऊल ठेवू दिलं नाही. असा सामना माणसाला आयुष्यात एकदा दिसला तरी भाग्य. वॉल्टनं तो पाहिला. गस तेव्हा चर्चच्या तळघरात हातात केकची बशी घेऊन उभा होता. एकदा तर हवेत उडालेला चेंडू आपणहून वॉल्टच्या मांडीवर येऊन बसला, बीअरचा एक थेंबही सांडला नाही. गसच्या वाट्याला यायचे ते पावसात भिजलेले आणि सपाटून हरलेले सामने. आयत्या बिळावर नागोबा, असं गस मनात म्हणायचा. तोंडानं म्हणायचा, बस वॉल्ट, आणखी एक बीअर घे.

त्या वर्षीच्या मार्चमध्ये सगळ्या चिठ्ठ्या संपल्यावर वॉल्ट गमतीनं म्हणाला की अजिंक्यपदाचे सामनेही वाटून टाकू. स्टोकर्स शेवटचे तिथवर पोचले होते तेव्हा गस हाफपँटीत होता. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असलाच प्रकार. तरी नाणं उडवलं, गस जिंकला, आणि क्षणाचाही विचार न करता त्यानं सातवा सामना मागून घेतला. सगळ्यात मोठा सामना सातवा, तो आपला. जोडीला दुसराही. सातांतले चार सामने घरच्या मैदानावर व्हायचे; त्यातले राहिलेले दोन, पहिला आणि सहावा, वॉल्टनं कुरकुर न करता घेतले.

जो संघ आधी चार सामने जिंकेल त्याचं अजिंक्यपद. सातव्याची वेळ येईलच असं नाही. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. गसला ते हावेपायी दिसलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ऑक्टोबर उजाडला आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना स्टोकर्स खरोखरच तिथं पोचले. दुकानांच्या काचांवर निळे कागद चिकटले, नन्स शाळेत रेडिओ लावू लागल्या, फाउंड्रीनं दुपारची पाळी अर्ध्यावर सोडली, कारण नाहीतरी कोणी कामावर राहणार नव्हतं. पहिला सामना वॉल्टचा. स्टोकर्सनी तो शेवटच्या चेंडूवर होमरन मारून जिंकला, आणि वॉल्टचा घसा असा बसला की दोन दिवस तो दूध टाकताना नुसता टोपी हलवत होता. दुसरा सामना गसचा. रिमझिम पाऊस, नऊ-शून्यनं हार, आणि डॉरथीला सर्दी. पुढचे तीन सामने परगावी झाले. त्यातले दोन स्टोकर्सनी जिंकले.

म्हणजे आता एकच विजय बाकी होता. बुधवारी, घरच्या मैदानावर, सहाव्या सामन्यात.

सगळं शहर आदल्या रात्री देवाकडे एकच मागणं मागत होतं. गस कुबिक, ज्यानं पाळण्यात असल्यापासून स्टोकर्सशिवाय दुसऱ्या संघाचं नाव घेतलं नव्हतं, तो बिछान्यात पडून उलटं मागत होता. हरू देत. एकदाच, फक्त बुधवारी हरू देत. मग गुरुवारी काय जिंकायचं ते जिंका, माझ्या डोळ्यांसमोर जिंका. आपण हे काय मागतोय ते त्याला कळत होतं. लाजही वाटत होती. पण वॉल्ट त्या खुर्चीत बसून अजिंक्यपद बघतोय, हे चित्र डोळ्यांपुढे आलं की लाज कुठल्या कुठे जायची आणि तो पुन्हा तेच मागायला लागायचा.

बुधवारी सकाळी वॉल्ट दुधाची गाडी दारात उभी करून आला. मर्सेला घरी राहायला तयार आहे, तू माझ्याबरोबर चल, असं त्याचं म्हणणं होतं. डॉरथीनं स्वयंपाकघरातून मान हलवून नवऱ्याला जा म्हणून खुणावलं. पण ज्याला आपण या खेळाचा श्रीगणेशा शिकवला त्याच्याच पंगतीला पाहुणा म्हणून जाऊन बसायचं, हे गसच्या गळी उतरेना. फार वेळ बसून कंबर धरते, असं त्यानं सांगितलं.

दुपारी मात्र तो पासरेल्लीच्या केशकर्तनालयात कंबर धरल्याची काहीही खूण न दाखवता खुर्चीत बसला होता. दुकानात टीव्ही आणला होता, खांद्याला खांदा लावून माणसं उभी होती. गसच्या तोंडाला साबणाचा फेस लावून पासरेल्ली वस्तरा हातात धरून तसाच थबकला होता, कारण सामना शेवटच्या डावात आला होता. स्टोकर्स एका धावेनं पुढे. पाहुण्यांचे दोन बाद, दोन माणसं बेसवर. आणखी एक बाद, की संपलं. पडद्यावर मैदानाच्या कडेनं पोलीस येऊन उभे राहिलेले दिसत होते, गर्दी आत घुसू नये म्हणून.

चेंडू उंच उडाला. सोपा, आळशी झेल. स्टोकर्सचे दोघं त्याच्याखाली आले, दोघंही थांबले, दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं. तू घे, नाही तू घे. आणि चेंडू दोघांच्या मधे गवतावर पडला. पाहुण्यांचे दोघंही धावत घरी, म्हणजे शेवटच्या बेसवर पोचले, दोन धावा. पुढच्या अर्ध्या डावात स्टोकर्सना काहीच करता आलं नाही. हरले.

एक धिप्पाड भट्टीवाला टोपीत तोंड खुपसून रडायला लागला. आणि गसनं समोरच्या आरशात पाहिलं, तर साबणाच्या फेसातून आपले सगळे दात दिसतायत. त्यानं झटकन टॉवेल तोंडावर ओढला. त्याचे खांदे हलत होते. पासरेल्लीनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि तोही हुंदके द्यायला लागला. शहरातल्या इतक्या दुःखी माणसांत आपलं इतकं सांत्वन झालेलं पाहून गसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरीही घरी जाताना तो शीळ घालत होता.

आता मन मोठं करायला काय हरकत होती? तो तसाच बहिणीच्या घरी गेला. वॉल्ट मागच्या पायरीवर बसला होता, कोट न काढता. गसनं त्याला सांगितलं की उद्या डॉरथीच्या जागी तू चल. मर्सेलानं भावाला मिठीच मारली. दादा, तुझ्यासारखा माणूस नाही, म्हणाली. वॉल्टच्या डोळ्यांत पाणी आलं. गसला हवं होतं ते इतकंच, की गसच्या सामन्यात, गसच्या शेजारी पाहुणा म्हणून बसून वॉल्टनं गसचं नशीब उघडताना पाहावं. एकदा तरी त्यानं बघावं.

गुरुवारी लख्ख ऊन पडलं होतं. पण स्टोकर्स सहाव्या डावापर्यंत चार-एक असे मागे पडले. गसची बीअर पोटात साठली होती. इतका वेळ दाबून धरली, मग राहवेना म्हणून तो जिना उतरून खाली मुतारीत गेला. तिथं उभा असताना डोक्यावरचं छप्पर गडगडलं. पँटची बटणं लावत तो धावत वर आला, तोवर दोन धावा झालेल्या. चार-तीन. सगळे नाचून खाली बसत होते.

या बाकांवर एक जुना कायदा होता. ज्याची पाठ वळल्यावर आपलं भलं होतं, त्यानं पुन्हा पाठ वळवायची. सप्टेंबरात याच कायद्यानं एका फादरला चार डाव जिन्याखाली उभं केलं होतं, आणि त्यांना खांद्याला धरून खाली पाठवणारा दुसरा कोणी नव्हता, गसच होता. मागच्या रांगेत ओडेगार्डबाई बसायच्या, सत्तरीच्या, गुडघ्यावर शाल आणि जिभेवर धार. आठव्या डावात त्यांनी छत्रीचं टोक गसच्या पाठीत टोचलं.

"कुबिक, ऊठ. खाली जा."

"आत्ताच जाऊन आलो, बाई."

"म्हणूनच सांगतेय. पुन्हा जा."

आजूबाजूचे हसले, पण गंमत म्हणून नाही. गस हलला नाही. आठवा डाव कोरडा गेला. लोक आता मैदानाकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त बघायला लागले. त्यानं खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले. आयुष्यभर थांबलो ते मुतारीच्या भिंतीकडे तोंड करून उभं राहायला? जिंकोत, नाहीतर हरोत, मी बघणार.

नववा, शेवटचा डाव. दोन बाद. स्टोकर्सची दोन माणसं बेसवर, आणि बॅट घेऊन आला हॉलिस क्रेन, संघातला सगळ्यात कच्चा फलंदाज. ओडेगार्डबाईंची छत्री पुन्हा टोचली. कोणीतरी मागून ओरडलं, कुबिक, तुझ्या पोराबाळांची शपथ आहे. गसचं तोंड लाल झालं, तरी त्यानं खुर्ची सोडली नाही.

तेवढ्यात वॉल्ट उभा राहिला.

"त्याला सोडा. काल हरले तेव्हा इथं मी होतो. पनवती माझी आहे, त्याची नाही." मग तो गसच्या कानाशी वाकला. "तू बघ, गस. नीट बघून ठेव."

आणि तो गेला. गुडघ्यांना धक्के देत, माफी मागत, रांगेतून बाहेर पडला आणि जिना उतरून दिसेनासा झाला.

पुढच्याच चेंडूवर क्रेनची बॅट वाजली. चेंडू उजव्या कोपऱ्यात कुंपणाला जाऊन आपटला आणि तिथल्या खेळाडूच्या पायांत घोटाळत राहिला. पहिला माणूस घरी आला, बरोबरी. दुसरा तिसऱ्या बेसवरून वळला, टोपी उडालेली, आणि धुळीत घसरत आला. चेंडू हातभर अंतरानं उशिरा पोचला. अंपायरनं दोन्ही हात पसरले, बाद नाही. गसनं सगळं पाहिलं, एक कणही सुटला नाही. तो ओरडत होता, रडत होता, शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर मुठी आपटत होता. अजिंक्यपद मिळालं, आणि त्याच्या सामन्यात मिळालं. वॉल्टनं पाहिलं नाही, हेही त्या आनंदात मनाला शिवून गेलं, आणि ते दुधात साखर पडल्यासारखं गोड लागलं.

मग जिन्यातून वॉल्ट वर आला.

आधी त्याला कोणीतरी ओळखलं, मग सगळी रांग त्याच्यावर कोसळली. हा तो, खाली गेलेला. यानंच जिंकून दिलं. ओडेगार्डबाईंनी छत्री टाकून त्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. दोघा भट्टीवाल्यांनी त्याला खांद्यावर उचललं. लोक वरच्या बाकांवरून वाकून विचारत होते कोण तो, आणि खालचे अभिमानानं सांगत होते, हॅनिगन, आमचा दूधवाला, सातव्या सामन्याचा शेवटचा चेंडू सोडून खाली गेला, आमच्यासाठी. गसला दिसत होतं, पुढे कित्येक वर्षं हीच गोष्ट सांगितली जाणार. लग्नांत, मयतांत, पासरेल्लीच्या खुर्चीत. त्या गोष्टीत गसही असणारच. न उठलेला माणूस म्हणून.

वॉल्ट खांद्यांवरून उतरला आणि गर्दीतून वाट काढत त्याच्यापाशी आला. त्यानं गसचे दोन्ही दंड धरले. केस विस्कटलेले, गालावर बाईंच्या लिपस्टिकचा डाग.

"पाहिलंस ना तू? सांग मला. पहिल्यापासून सांग, काही सोडू नकोस."

गस सांगायला लागला. बॅट कशी वाजली, चेंडू कुठे गेला, टोपी कुठे उडाली. वॉल्ट तोंड उघडं टाकून ऐकत होता, मधेच हसत होता, मधेच डोळे पुसत होता, जणू हे सगळं खास त्याच्यासाठी आत्ता पुन्हा घडतंय. तो कसा काय इतका सुखी आहे, हे गसला समजेना. खांद्यावर उचललं म्हणून नाही. ते तर तो कधीच विसरून गेला होता. नुसतं ऐकून सुखी होता. सांगता सांगता गसचा आवाज बारीक होत गेला. ज्याची आयुष्यभर वाट पाहिली ते सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला गस कुबिक, त्यातलं काहीच न पाहिलेल्या मेहुण्याकडे बघत उभा होता, आणि त्याला त्याचा इतका हेवा कधीच वाटला नव्हता.