आर्वीची साहेबी काठी

मी एक काठी बोलतेय. व्हिक्टोरिया राणीच्या काळात विलायतेत माझा जन्म झाला. अंग वेताचं, मूठ शिंगाची आणि वाकडी, तळाला लोखंडी टोपण. त्या काळी तिकडच्या सभ्य लोकांनी रस्त्यावरच्या गुंडांपासून जीव वाचवायला एक विद्या काढली होती. फिरायला नेतो त्याच काठीनं लढायचं, तेही कोट न चुरगळता. त्यासाठीच मला घडवलं होतं.

एक साहेब मला घेऊन विदर्भातल्या आर्वीला कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, मॅनेजर म्हणून आला. सरावाला जोडीदार हवा म्हणून त्यानं आपल्या मुनीमाला डाव शिकवले आणि परत जाताना मला त्यालाच देऊन टाकलं. त्या मुनीमाचा नातू मोतीलाल. बाजारात त्याचं कापडाचं दुकान होतं. घरात मला सगळे साहेबी काठी म्हणत.

मोतीलालला ही विद्या मुलाला, धीरजला द्यायची होती. पण धीरजचा जीव क्रिकेटमध्ये. शिकली ती धाकटी रक्षा. सकाळी दुकान उघडायच्या आधी मागच्या अंगणात बापलेकीचा सराव चाले.

"डोकं उघडं आहे असं समोरच्याले वाटू दे," मोतीलाल सांगायचा. "तो मारीन, तवा तू तिथं राहू नको."

आणि रक्षा खरंच तिथं नसायची. असा हलका पाय मी विलायतेतही पाहिला नव्हता. आई प्रमिलाबाई कुरकुरायच्या, पोरीच्या जातीला हे कशाला म्हणायच्या. पण गिरडच्या यात्रेत एकानं रक्षाची ओढणी ओढली, तेव्हा तिनं माझ्या मुठीचा आकडा त्याच्या घोट्यात अडकवला आणि त्याला चिखलात बसवलं. कापड मोजता मोजता मोतीलाल गिऱ्हाइकांना हीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा.

एकोणीसशे सत्त्याण्णव साली रक्षाचं लग्न झालं. सासर हिंगणघाटचं. निघताना तिनं सामानाबरोबर मलाही उचललं. मोतीलालनं हसत मला तिच्या हातातून काढून घेतलं.

"सासरी काठी नेतात का कोणी? लोक काय म्हणतीन?"

सगळे हसले. तीही हसली.

दिवाळीला ती आली तेव्हा उजवं मनगट वाकडं जुळलेलं होतं. न्हाणीघरात पाय घसरला, असं तिनं आईला सांगितलं. प्रमिलाबाईंनी ते मानलं. मोतीलालच्या हातातला चहा मात्र तसाच राहिला. मोकळा हात आडवा धरून मार झेलला की मनगट कुठं मोडतं, हे त्यानंच तिला शिकवलं होतं.

अंगणात तिनं बापाला सगळं सांगितलं. नवरा मारायचा. सासूला माहीत होतं, शेजाऱ्यांनाही माहीत होतं.

"बाबा, मले परत पाठवू नका," ती म्हणाली. "नाईतर ही काठी तरी द्या."

धीरजच्या लग्नाची बोलणी चालू होती. लेक घरी बसली हे कळलं तर ते लग्न मोडलं असतं. मी जावयाशी बोलतो, मोतीलाल म्हणाला, आणि भाऊबीज झाल्यावर स्वतःच तिला एसटीत बसवून आला. मी कोपऱ्यातच होते. गल्लीतल्या गुंडासाठी, पाकीटमारासाठी त्या सभ्य लोकांनी डाव बसवले होते. घरातल्या माणसासाठी त्यांनी एकही बसवला नव्हता.

रक्षा पुन्हा माहेरी आली नाही. नवऱ्याचं घर तिचं तिनं सोडलं आणि नागपूरला एका वसतिगृहात स्वयंपाकाचं काम धरलं. धीरजच्या लग्नालाही आली नाही. मोतीलालनं मला खुंटीवर टांगलं. त्यानंतर अंगणात सराव झाला नाही.

पुढं काही वर्षांनी त्याला लकवा झाला. तेव्हा मात्र रक्षा आली. त्यानं मला खुंटीवरून काढायला लावलं आणि डाव्या हातानं तिच्याकडे सरकवलं. तोंड वाकडं झालेलं, शब्द फुटत नव्हते. एवढंच म्हणाला, "घे."

तिनं मला त्या मोडलेल्या उजव्या हातात घेतलं. बोटं माझ्याभोवती अर्धीच आली.

"मूठ मिटत नाई आता, बाबा."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मोतीलाल रडू लागला. तिनं मला त्याच्या चांगल्या हातात दिलं, दुसऱ्या बाजूनं खांदा लावला आणि त्याला अंगणापर्यंत चालवून आणलं. दुपारच्या गाडीनं ती निघून गेली. तो रोज दाराकडे तोंड करून बसे. उन्हाळ्याआधीच गेला.

आता धीरज माझ्या आकड्यानं दुकानाचं शटर खाली ओढतो. मी झिजले आहे, टोपणही पडलं. माझं फारसं मागणं नाही. मोतीलाल वाईट माणूस नव्हता, लेकीवर त्याचा जीव होता, म्हणूनच तुम्हाला सांगते. तुमची लेक दारात येऊन, मला परत पाठवू नका म्हणाली, तर तिला एसटीत बसवू नका. तिच्या हातात काठी नाही दिली तरी चालेल.