यादीतलं सातवं कार्ड

"हे कार्ड घ्यायला कुठल्या गाढवानं सांगितलं तुला?" मी ताईवर खेकसलो.

घड्याळात साडेदहा वाजलेले आणि अकराला तिची ऑनलाइन मुलाखत. आजारपणात नोकरी सुटल्यानंतर तीन वर्षांनी आलेली पहिली संधी, त्यातही स्क्रीनवर काम करून दाखवायचं. तिच्या कॉम्प्युटरवर विंडोज काढून लिनक्स मीच हौसेनं घातलेलं. जुनं वाय-फाय कार्ड काल गेलं, तर बाईसाहेबांनी मला न विचारता नवं आणून स्वतःच बसवलं. लिनक्सला त्याचा पत्ताच नव्हता. खोक्यावरचं नाव बघू नका, आतली चिप बघा, असं मी घरात किती वर्षं कानीकपाळी ओरडतोय!

"यादीत बघून घेतलं रे," ती म्हणाली.

"कुणाच्या यादीत?"

तिने फोन पुढे केला. यादी माझीच होती. लिनक्सवाल्यांच्या गटात मी टाकलेली, 'स्वतः वापरून पाहिलेली सात कार्डं'. सातवं हेच. पुढे माझा शेरा: 'डोळे मिटून घ्या.'

हे कार्ड मी आयुष्यात हातात धरलं नव्हतं. वापरलेली सहाच होती. यादी जरा भरगच्च दिसावी म्हणून सातवं कुणाचं तरी ऐकून घुसडलं होतं. खाली दीडशे लोकांनी आभार मानले होते.

"तुझ्याकडे चाललं ना? मग इथे का नाही?" ताईने विचारलं.

"बघतो," मी म्हणालो.

माझा फोन केबलने कॉम्प्युटरला जोडला. फोनचं इंटरनेट मिळालं, पण रेंज फक्त खिडकीपाशी. मग कॅमेऱ्यात दिसणार नाही असा मी खिडकीला चिकटलो आणि फोन गजांबाहेर धरून उभा राहिलो. अकराला दोन मिनिटं कमी असताना मुलाखत घेणाऱ्या बाई स्क्रीनवर दिसल्या.

मुलाखत छान रंगली. माझ्या हाताला मुंग्या आल्या, पण हलायची सोय नव्हती. शेवटी बाईंनी विचारलं, "लिनक्स एकट्याच सांभाळता? अडलं तर?"

"धाकटा भाऊ आहे ना," ताई हसली. "स्वतः वापरल्याशिवाय तो एक ओळ लिहीत नाही. आज कार्ड चाललं नाही, पण ते बसवताना माझंच काहीतरी चुकलं असणार."