खाणीतली मरळ

चिरे काढून सोडून दिलेल्या खाणीत बारमाही पाणी राहायचं. गणपतीला मुंबईहून आलेल्या आत्मारामने त्यात माशांची बोटभर पिल्लं सोडली. कटला वरच्या पाण्यात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. कुणाचा कुणाला त्रास नाही, असं बायकोला समजावून तो कामावर परत गेला.

त्रास मालनच्या वाट्याला आला. रोज सकाळी पेंड नि कोंडा कालवून कातळावरून खाणीपर्यंत न्यायचा, वर शेणाची पाटी. मग शेत, गुरं, चूल. सासरे काशीराम संध्याकाळी खाणीच्या काठावर जाऊन बसायचे. त्यांच्याशी तिचं बोलणं जेवायला हाक मारण्यापुरतंच उरलं होतं.

थंडीत पेंड तशीच शिल्लक राहायला लागली. तिने फोनवर सांगितलं. "गारठ्यात खात नाहीत," आत्माराम म्हणाला. वाद घालायचं त्राण तिच्यात नव्हतं.

चैत्रात राजापूरहून मासेवाला रघू जाळं घेऊन आला. ओढलं तर कटला-रोहू मिळून जेमतेम टोपलीभर, मृगळ एकही नाही, आणि सापासारख्या डोक्याच्या, काळ्या, जाड मरळी उसळत होत्या.

"वैनी, ह्या कुणी सोडल्या? बाकीची सगळी ह्यांनीच खाल्लीन."

मालनने सासऱ्यांकडे पाहिलं. ते जाळ्याकडे बघत होते.

"मी सोडल्यात," काशीराम म्हणाले. "दिवाळीनंतर वहाळ आटला. डबक्यात वीतवीतभर मरळी तडफडत होत्या. वाटला, एवढा पाणी आहे, ऱ्हातील सगळी."

ओरडावं असं तिला वाटलं, पण आतून काही उठलंच नाही. ती चिऱ्यावर बसली.

"आबा, मला विचारायचं तरी."

"कधी विचारू? तू थांबतेस कुठं?"

त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

जाळ्यात न सापडलेल्या मरळी चिखलात दडतात, म्हणून पंप लावून खाण उपसावी लागली. राहिलेले कटला-रोहू मालनने घागरीतून विहिरीत नेऊन सोडले. ती नको नको म्हणत असताना काशीराम चिखलात उतरले. मालनने त्यांचा दंड धरला आणि दोघं हातांनी चाचपत एकेक मरळ बाहेर काढत राहिली. रघू त्या बाजारात घेऊन गेला. एक तिला ठेवून गेला.

ती चुलीपाशी असताना फोन वाजला. पावसात पुन्हा पिल्लं सोडू, आत्माराम म्हणत होता.

"तुम्ही इथं राहणार असाल तर सोडा," ती म्हणाली. "मी दमलेय."

तो म्हणाला, "बरं. नको सोडूया."

काशीरामांनी रश्श्याला हात लावला नाही, ताकभात खाल्ला. मालन सकाळपासून उपाशी होती. ती मरळीच्या रश्श्याशी पोटभर जेवली आणि उष्टं न काढता तिथेच भिंतीला टेकून बसून राहिली. काशीरामांनी तिचं ताट उचललं. तिने उचलू दिलं.