कृष्णाकाठची दुभती जलदेवी

सांगलीच्या घाटावर बायकांची रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती. मांडवात लांबलचक पेटीवर एक राखाडी, गुळगुळीत जनावर निजवलेलं. अंगावर हिरवं लुगडं, तोंडावर हसू असल्यासारखं, अन् पोटाशी चक्क आचळं.

"मासा न्हाई, कृष्णामाईची लेक हाय," कोंडीबुवा सांगत होता. "आटलेल्या आयांसाठी पान्हा घिऊन आलीया."

गेल्या वर्षी लढाईवरून परतलेले माझे दीर सयाजीभावजी म्हणाले, "वैनी, असली जनावरं आमच्या जहाजासंगं उड्या मारत पळायची. खाऱ्या पाण्यातलं हाय हे. पिल्लाला अंगावर पाजतं."

बुवाने ते ऐकलं. कृष्णा मिळते त्या पूर्वेच्या समुद्रातून देवी धारेविरुद्ध पोहत आली, असं त्याने लगेच सांगून टाकलं. म्हणजे अख्खा निजामाचा मुलूख चढून आली, तीही लुगडं न भिजवता.

मी हसले असते, पण शेजारी माझी जाऊ साळू होती. तिचं दूध आटलेलं, बाळ दोन महिन्यांचं. माझ्या लेकाबरोबर त्यालाही पाजते म्हटलं, तर बुवाची आज्ञा आडवी आली: देवीशिवाय कुणाचं दूध ओठाला लावायचं नाही. भावजींचंही ती ऐकेना. कालपासून बाळ देवीच्या थेंबांवर होतं. आता तर त्याचं रडणंही बारीक झालं होतं.

देवीच्या न्हाणासाठी पडदा पडला, पुन्हा उघडला. बुवाने पोट दाबलं. साळूच्या आधी मी ओंजळ पुढे केली. थेंब पडला, कोमट. पाया पडायला वाकले. पाय काही सापडेनात, म्हणून पोटालाच हात लावला.

"बुवा, देवी बर्फासारखी गार, मग दूध ऊन कसं?"

"शिवू नगं, इटाळ हुईल," बुवा ओरडला.

तोवर माझं बोट आचळाजवळच्या खाचेत गेलं होतं. बाहेर आला दुधाने भिजलेला कापसाचा बोळा, शेळीच्या वासाचा. भावजींनी मागचा पडदा ओढला. तिथे शेळी बांधलेली, शेजारी चरवी. पेटीत भुसा आणि बर्फ. मग बुवाने कबूल केलं: जाळ्यात मेलेलं हे जनावर त्याने गोव्याच्या मुरगाव बंदरातून मासळीबरोबर रेल्वेने मिरजेला आणलं होतं.

"आन् पान्हा शेळीचा व्हय?" रांगेतली एक म्हातारी म्हणाली. "मंग लुगडं तिला नेसवायचं हुतंस की रं."

मी तिथेच पायरीवर बसले आणि साळूच्या बाळाला पदराखाली घेतलं. आधी त्याला ओढायचंही त्राण नव्हतं. मग घोट ऐकू येऊ लागले. साळू रडत माझ्या गुडघ्याला टेकून बसली.

आयाबायांनो, हात जोडायचे तिथे जोडा. पण लेकराला उपाशी ठेवायला जो सांगेल, त्याला आधी 'का?' म्हणून विचारा. आणि उत्तर पटेपर्यंत लेकराला पाजत राहा.