थंड खोलीचं दार

सकाळी थंड खोलीचं यंत्र बंद पडलं. आत दुकानदारांना घाऊक पुरवायचा सगळा माल होता: सेंद्रिय टोफू, सोयादूध, बदामाचं दही. आतल्या तापमापकाचा काटा पाच अंशांच्या वर चढला की सगळं कचऱ्यात. मेकॅनिक फोनवर म्हणाला, "संध्याकाळी येतो. तोवर दार उघडू नका, म्हणजे गारवा टिकेल."

पण मालकाचा जीव टांगणीला लागलेला. काटा बघायला तो उठसूट दार उघडायचा आणि दर वेळी गार हवा त्याच्या पायांवरून बाहेर पळायची.

शेवटी बायको भडकली. "अहो, नाडी बघताय की गळा दाबताय? एवढंच बघायचंय ना, तर आत जाऊन बसा!"

त्याला ते पटलं. स्वेटर चढवून, बॅटरी घेऊन तो आत गेला. तिने दार लावलं आणि ती दाराला पाठ टेकवून उभी राहिली.

टोफूच्या खोक्यांमध्ये तो काट्यावर डोळे लावून बसला. काटा साडेचारवर होता. मग हळूहळू पाचवर आला, आणि तेव्हा कुठे त्या शहाण्याच्या डोक्यात प्रकाश पडला: आपलं अंगही खोली तापवतंय. बाहेर जावं, तर दार उघडावं लागणार. त्याने श्वास रोखून पाहिला. तो किती वेळ रोखणार, कपाळ!

काटा सहावर गेला.

"अहो, किती झालंय?" बाहेरून बायकोने विचारलं.

त्याने बॅटरी विझवली.

"चार," तो म्हणाला.

"बघा, मी म्हटलं नव्हतं?" सकाळपासून ती पहिल्यांदाच हसली. "आता अजिबात हलू नका."