पहिली किक

मच्छिंद्रनं सतराव्यांदा किक मारली. दांडा अर्ध्यावर अडला आणि सावकाश वर आला. इंजिनाच्या पोटात एकदा फुस्स झालं, त्यापलीकडे काही नाही. त्यानं हँडल सोडून उजवा गुडघा दोन्ही हातांनी आवळला, पण बाहेर पावलं वाजताच सोडूनही दिला.

"झाली का?" रतनबाईनं गोठ्याच्या दारातून विचारलं.

"हुतीय."

दिवाळीपासून बायकोला तो हेच उत्तर देत आला होता. आता शिमगा तोंडावर आला होता.

बैल चारा छावणीला गेल्यापासून गोठा मोकळाच होता. गव्हाणीत वैरणीच्या जागी पाने-पकडी, हातोड्या आणि कापडाच्या चिंध्या पडल्या होत्या. मधोमध ट्रायम्फ उभी होती. पाचशे सीसीची, दोन सिलिंडरची, लष्कराच्या लिलावातून आलेली. कुणा गोऱ्या साहेबानं कधीकाळी तिच्यावर शर्यती मारल्या होत्या म्हणे. केडगावात आली तेव्हा मात्र तिच्या सायलेन्सरमध्ये कुंभारमाशीनं घर केलं होतं. मच्छिंद्रनं टाकी खरवडून रंगवली, पिस्टनला नव्या रिंगा घातल्या, व्हॉल्व्ह घासून बसवले, वायरिंग नव्यानं ओढलं. कार्बुरेटर तर त्यानं इतक्यांदा उघडला होता की त्या बिचाऱ्यालाच आता त्याची कीव येत असेल.

गाडी कानिफनाथची होती. कानिफनाथ मच्छिंद्रचा जुना जोडीदार, आता साखर कारखान्याच्या वर्कशॉपात मुकादम. ती देताना तो म्हणाला होता, "चालू करून दाव. साहेबाला सांगतो कुनी केली ते. फिटरची जागा हाय आमच्याकडं." आज चारच्या गाडीनं तो येणार होता.

जागेची गरज होतीच. दोन वर्षांपूर्वी जॅक सटकला आणि ट्रकचा गिअरबॉक्स मच्छिंद्रच्या गुडघ्यावर आला. वर्कशॉपातलं एकोणीस वर्षांचं काम सुटलं. गुडघा बरा झाला, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं आणि चारचौघांत तो ताठ चालायचा. तरी लोक त्याच्याकडं सायकलीची पंक्चरंच आणायचे. रतनबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. आज सुट्टी म्हणून ती घरात होती, आणि सकाळपासूनची प्रत्येक किक तिला ऐकू येत होती.

त्यानं पुन्हा दोन्ही प्लग काढले, हेडवर टेकवले आणि किकचा दांडा हातानं दाबला. चर्र. निळी, टपोरी ठिणगी. प्लग बसवून किक मारली. पुन्हा फुस्स.

"बाहेर काढलं की जळतंय, आत घातलं की मरतंय," तो स्वतःशीच म्हणाला आणि हातातला पाना त्यानं भिंतीवर भिरकावला. शेणाचा एक पोपडा खाली पडला.

रतनबाई आत आली. पाना उचलून तिनं गव्हाणीत ठेवला.

"त्या शेजारच्या छगनला बोलवू का? परवा म्हनत हुता, मारून बघतो म्हनून."

"छगननं काय उघडलंय हिचं?"

वर्कशॉपचा रिवाज तिला पाठ होता. ज्यानं इंजिन उघडलं, पहिली किक त्याची. दुसऱ्याच्या किकनं गाडी चालू झाली, तर फिटरनं स्वतःच्या हातानं चहा करून सगळ्यांना पाजायचा आणि महिनाभर टोमणे ऐकायचे. एकोणीस वर्षांत मच्छिंद्रनं असा चहा एकदाही केला नव्हता. म्हणूनच छगनला त्यानं दारातूनच हाकललं होतं.

"गुडगा सुजलाय तुमचा."

"गुडग्याचं काय काढलंस? गुडगा बरा हाय."

सव्वादोन झाले होते. कार्बुरेटरला कान लावून ऐकलं तर काही कळेल, असं त्याला वाटत होतं. पण कान खाली लावायचा आणि किकही मारायची, हे एकट्याच्यानं कसं होणार? तो थोडा वेळ घुटमळला.

"हिकडं ये. हितं पाय ठेव."

"मी?"

"किक न्हाई म्हनायचं याला. नुसता पाय दाब. मला ऐकायचंय."

रतनबाईनं लुगड्याचा काचा घट्ट खोवला, चपला काढल्या, टाकीला हात लावून कपाळाला नेला.

"मशिनीच्या पाया काय पडतीस?"

"पाय लावायचाय म्हनून."

मग ती दांड्यावर उभी राहिली आणि विहिरीच्या पायरीवर उतरावं तशी सगळ्या अंगाच्या भारानं खाली आली.

गोठा हादरला. पत्रा थरथरला, गव्हाणीतले पाने खडखडले. दोन्ही सिलिंडर एका लयीत धडधडू लागले. रतनबाई दोन पावलं मागं सरली.

"काय मोडलं का माझ्याच्यानं?"

मच्छिंद्रनं कान काढला नाही. आवाजात खोट नव्हती. त्यानं बटन दाबून इंजिन बंद केलं.

"परत."

तिनं परत किक मारली. परत चालू. त्यानं कशालाच हात लावला नव्हता. एक स्क्रूसुद्धा फिरवला नव्हता. नव्या रिंगांनी कॉम्प्रेशन, म्हणजे आतल्या हवेचा दाब, असं काही भरलं होतं की ते तोडायला झटका हवा, आणि झटका नसला तर मॅग्नेटो ठिणगी टाकत नाही. प्लग बाहेर असताना दाबच नव्हता, म्हणून हातानंही ठिणगी पडत होती. हे त्यानं किती नवशिक्यांना शिकवलं होतं. चार महिने तो यंत्राचा एकेक भाग उघडून बघत राहिला आणि किक मारणारा पाय तेवढा बघायचा राहिला. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

मग त्यानं स्वतः किक मारली. तापलेलं इंजिन चौथ्या किकला कसंबसं पेटलं.

"झालं की," रतनबाई म्हणाली. ती त्याच्याकडं न बघता गव्हाणीतल्या चिंध्या आवरत होती. "कानिफभाऊ येस्तोवर बंद करू नका. गरम हाय तवर तुमच्याच्यानं हुतंय."

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. कदाचित दोन वर्षांपासून. त्याला संताप आला आणि लाजही वाटली. थोडा वेळ तो धडधडत्या टाकीवर हात ठेवून उभा राहिला. मग त्यानं बटन दाबलं आणि दाराशी पोत्यावर बसला.

साडेचारला कानिफनाथ आला. ट्रायम्फभोवती एक फेरी मारून तो खूश झाला. मच्छिंद्रनं सिलिंडरला हात लावून बघितला. गार होता.

"मार की किक," कानिफनाथ म्हणाला.

"अगं, ये," मच्छिंद्रनं घराकडं बघून हाक दिली. रतनबाई आली आणि नवऱ्याच्या तोंडाकडं बघत उभी राहिली.

कानिफनाथ हसला. "पैली किक फिटरची असती. इसरलास का?"

"पैली हिनंच मारली." मच्छिंद्रनं दाराशी पोत्यावर बसत पायजमा वर सरकवून गुडघा उघडा केला. तो एका बाजूला वळलेला आणि सुजलेला होता. "ह्यानं न्हाई हुत. हात चालत्यात. साहेबाला सांगायचं तर दोन्ही सांग."

कानिफनाथचं हसू मावळलं. रतनबाईनं चपला काढल्या, टाकीला हात लावून कपाळाला नेला आणि किक मारली. पहिल्याच झटक्याला गोठा हादरला. कानिफनाथनं उकिडवं बसून इंजिनाजवळ कान नेला आणि बराच वेळ डोळे मिटून ऐकलं.

"आत दुसऱ्या कुनाचा हात न्हाई ना लागला?"

"न्हाई."

"मग सांगतो साहेबाला, दोन्ही. अन् चहा कुनाचा?" इंजिनाच्या वर आवाज चढवून त्यानं विचारलं.

"माझा," मच्छिंद्र म्हणाला. रतनबाई पुढं होत होती, तिला त्यानं हातानंच थांबवलं. तो दाराच्या चौकटीला धरून उठला आणि दोघांच्या देखत, लंगडत, चुलीकडं गेला.