भिजवलेल्या फरश्या

"तुला दिसलं होतं की नाही, तेवढं सांग!" माक सिफू माझ्यावर ओरडले. सिफू म्हणजे आमचे उस्ताद. हातातली काठी त्यांनी फरशीवर आपटली. ठण्ण. पोकळ, म्हणजे खाली सिमेंट धरलेलंच नाही. दुसरीवर आपटली, तीही पोकळ.

"फरश्या मी बसवल्यात का? तुमच्या भाच्याला विचारा की."

"विचारलं. तो म्हणतो, माझी चूक."

भाचा, हिन-यात, भिंतीला टेकून उभा होता. मोठा आला मान खाली घालणारा सज्जन!

तीन वर्षं झाली मला शाळा सोडून. तीन वर्षं सिफूंची वाळू चाळतोय. हा आठ महिन्यांपूर्वी आला, आणि ऑ काकूंच्या नव्या घराचा अख्खा हॉल यालाच. पहिली फरशी बसली तेव्हा काकूंनी याला शकुनाच्या पैशांचं लाल पाकीट दिलं, तेही मानाने, दोन्ही हातांनी. मी तेव्हा पाठीवर सिमेंटची गोण घेऊन जिना चढत होतो.

बाथरूमच्या भिंती यानेच केल्या होत्या. तिथली सिरॅमिक. ती पाणी पिते, बुडवली की बुडबुडे सुटतात, म्हणून लावायच्या आधी भिजवतात. हॉलची पोर्सेलीन. ती थेंबभर पाणी पीत नाही. भिजवली तर पाठ ओली राहते, सिमेंट धरत नाही. आमच्या फोशान शहरात फरश्यांच्या भट्टीवाल्यांच्या पोरांना हे बोलायला लागायच्या आधी कळतं. पण हा भाताच्या गावचा. काल सकाळी बालदीत पोर्सेलीन बुडवून बसला होता. एक बुडबुडा नाही. मी सोयाचं दूध पीत बघत होतो.

"पुरे का रे एवढं?" त्याने मला विचारलं.

"अजून भिजू दे," मी म्हणालो.

हे त्याने सिफूंना सांगितलं नव्हतं. अजूनही सांगत नव्हता. त्याचाच मला जास्त राग आला.

"मीच सांगितलं त्याला भिजवायला!" मी ओरडलो. "झालं समाधान?"

 सिफूंनी छिन्नी माझ्या पायाशी टाकली. "सिमेंट पक्कं व्हायच्या आत सगळ्या उचल. एकही फुटता कामा नये."

"आणि परत कोण बसवणार?"

"तोच."

बघा! एवढं होऊनही तोच!

हिन-यातने दुसरी छिन्नी उचलली आणि कोपऱ्यातून सुरुवात केली. चुकीच्या कोपऱ्यातून. दाराकडून सुरुवात करायची असते, गाढवा, कड फुटेल. थांब! मलाच जाऊन दाखवायला हवं आता.